गोधडीच्या पाठीला बेडशीट लावली तर चालते का?

चालते. खुशाल लावा. मी अठ्ठावीस वर्षं लावतेय.

तुम्ही लिहिलंय की ही तुमची पहिलीच गोधडी, वरचे तुकडे जोडून झालेत, पाठीचं सुती कापड आठशे रुपयांच्या घरात जातंय. आणि सासूबाई म्हणतात, बेडशीट लावली तर ती गोधडीच नव्हे. पैशाचं गणित सोपं आहे, खाली सांगते. पण सासूबाईंचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी भर बारशात ऐकलंय.

2009 साल. थोरल्या जाऊबाईंच्या पहिल्या नातवाचं बारसं होतं. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. तीन महिने आधीच मी गोधडी शिवायला घेतली होती. चाळीस इंच बाय चाळीस इंचाची, बाळाच्या अंगावर जड होऊ नये म्हणून आत एकच थर. कडेपासून आत आत येत चौकोनात धावदोरा, दोन ओळींत अर्ध्या बोटाचं अंतर. दिवसा नोकरी होती, त्यामुळे रात्री भांडी आवरली की बसायचे. अंगुस्तान घालूनसुद्धा मधलं बोट टोचून टोचून खरखरीत झालं होतं.

पाठीला लावला होता माझ्या आईकडचा पलंगपोस. निळ्या-पांढऱ्या चौकडीचा. आई सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. तिच्या अंगावर कायम टेरिकॉटची पांढरी साडी, कारण ती रात्री धुतली की सकाळी वाळलेली असायची. आमच्या घरात सुती लुगडं नव्हतंच. सुती म्हणाल तर अंथरूण. त्या पलंगपोसावर आम्ही तिघं भावंडं झोपलो, तापात फणफणलो, परीक्षेचा अभ्यास केला. मधोमध इतका विरला होता की उजेडाकडे धरला तर खिडकीचे गज दिसायचे. तो विरलेला पट्टा मी कापून काढला आणि कडेच्या धड बाजू एकमेकींना जोडल्या, लुगड्याला दंड घालतात तशा. शिवण इतकी चपटी दाबली की बाळाच्या पाठीला कळणार नाही.

बारशात वहिनींनी गोधडी हातात घेतली, उलटी केली, अंगठा आणि बोटात कापड चोळून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर चादर आहे. पाठीला एक लुगडं नव्हतं का तुझ्या माहेरी?" वीस-पंचवीस बायका बसल्या होत्या. मी काही बोलले नाही. नव्हतंच लुगडं, काय बोलणार? गोधडी घडी घालून बाजूला गेली आणि त्या बाळाच्या अंगावर मी ती कधीच पाहिली नाही.

तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आता बोलते. पाठीला लुगडं का लावायचे? पवित्र म्हणून नव्हे. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, एका लुगड्यात गोधडीचे दोन-तीन थर निघायचे. शेकडो वेळा धुवून ते मऊ झालेलं असायचं. आणि मुख्य म्हणजे ते घरात होतं, त्याला पैसे पडत नव्हते. हे तिन्ही गुण जुन्या सुती बेडशीटमध्ये आहेत. उलट एक गुण जास्तच आहे. लुगड्याचा पन्हा पंचेचाळीस इंचांच्या आसपास, म्हणजे मोठ्या गोधडीला जोड आलाच. डबलची बेडशीट नव्वद इंच रुंद, पाठ अख्खी, बिनजोड. आता लुगडं हवंच म्हणणाऱ्यांनी सांगावं, रोज नेसलेलं सुती लुगडं आज किती घरांत आहे? सिंथेटिक साडीची पाठ लावलेल्या गोधड्या सर्रास शिवल्या जातात. त्या अंगावरून घसरतात आणि उन्हाळ्यात घाम आणतात, पण त्यांना कुणी नावं ठेवत नाही, कारण ती साडी आहे. हे मला अजिबात पटत नाही.

आता पैशाचं. साठ इंच बाय नव्वद इंचाची गोधडी धरा. दुकानातल्या चव्वेचाळीस इंची पन्ह्याच्या कापडाच्या दोन लांब्या जोडाव्या लागतात. अडीच-अडीच मीटर धरलं तर पाच मीटर. तुमचे आठशे तिथेच जातात. नव्वद इंच बाय शंभर इंचाची साधी सुती बेडशीट मला या वर्षी साडेचारशेला मिळाली. तिच्यात पाठ निघून उरलेल्या पट्टीत एका उशीचा अभ्राही झाला. घरातली जुनी असेल तर तेवढेही नकोत, आणि मी म्हणेन जुनीच घ्या. फक्त उजेडाकडे धरून बघा. विरलेला भाग पाठीला राहिला तर दोन वर्षांत तिथूनच फाटेल, आणि आतले थर बाहेर आले की ठिगळाशिवाय इलाज नाही.

नवी आणलीत तर आधी गरम पाण्यात धुवा, एकदा नव्हे, दोनदा. नवं सुती कापड शेकडा तीन ते पाच आटतं. नव्वद इंचांत साडेचार इंचांपर्यंत. आतली जुनी कापडं आटायची तेवढी आधीच आटलेली असतात. मग पहिल्याच धुण्यात पाठ आखडते आणि वरच्या बाजूला सगळीकडे चुण्या पडतात. गडद लाल, गडद निळी असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, नाहीतर वरचे फिके तुकडे गेले म्हणून समजा.

'प्युअर कॉटन' या चिकटवलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका. एकदा मी सहा गोधड्यांची ऑर्डर घेतली होती. बाजारातून चकचकीत बेडशीट आणल्या, सुती म्हणूनच दिल्या होत्या. अंथरून चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवून कच्चे टाके घातले तरी पाठ सरकतच राहिली. दोन गोधड्या उसवून पुन्हा शिवल्या. तेव्हापासून कडेचे दोन धागे काढून काडी लावते. कागद जळल्यासारखा वास आणि बोटाखाली विस्कटणारी मऊ राख म्हणजे सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, ती परत करा.

वहिनींचं आणि माझं बोलणं तुटलेलं नाही. मागच्या दिवाळीत त्यांची मोठी ट्रंक आम्ही दोघींनी मिळून आवरली. मी म्हटलं, "वहिनी, एक सुती लुगडं द्या, पाठीला लावते." त्यांच्याकडे एकच निघालं, आमच्या सासूबाईंचं, हिरवं, बारीक काठाचं. त्यांनी ते उलगडलं, मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे नाही कापू देणार." मलाही कापायचं नव्हतंच. त्याच्याखाली माझी गोधडी होती. एकदाही पाण्यात न गेलेली, डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेली. मी विचारलं, नेऊ का? त्यांनी मान हलवली. आता ती माझ्याकडे आहे आणि रोज वापरात आहे.

तुमचा दुसरा प्रश्न होता, केवढी घ्यावी. चारी बाजूंनी चार-चार बोटं जास्त ठेवा, तीच वर दुमडून काठ करता येतो. आणि हे आधीच सांगायला हवं होतं: मी हे सगळं हाताच्या टाक्याचं सांगतेय. हातानं शिवणार असाल तर फार दाट विणीची, महागडी गुळगुळीत बेडशीट नको. थर एकावर एक ठेवून दहा टाके घालून बघा, सुई ओढताना पक्कड लागली तर ती बाजूला ठेवा. मशीनवर शिवणार असाल तर दाट विणीचं काही अडत नाही, सोळा नंबरची सुई लावा. सोलापुरी चादर मात्र पाठीला लावू नका, ती स्वतःच पांघरुणाइतकी जाड. आणि गोधडी विकायला शिवत असाल तर पाठ बेडशीटची आहे हे गिऱ्हाइकाला आधी सांगा. मी सांगते, आजवर एकानंही त्यावरून परत दिलेली नाही.