जड धातूंच्या मातीत बी उगवतं, मग रोप का तगत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या कारखान्याच्या जागेवर झाडं लावायची आहेत. माती परीक्षणात शिसं, जस्त आणि कॅडमियम जास्त निघालं. तरी आधीपासून उभी असलेली मोठी झाडं हिरवीगार आहेत, नवीन बीही छान उगवलं. पण रोपं वीतभर झाली की थांबतात, पिवळी पडतात आणि मरतात. मोठी झाडं जगतात तर माती इतकी वाईट कशी म्हणायची?

माती वाईट असू शकते. मोठं झाड आणि उगवलेलं बी, हे तुमचे दोन्ही साक्षीदार कच्चे आहेत. मी काही वर्षं अशा मातीत रोपं वाढवून त्यांची मुळं मोजायचं काम केलंय आणि या दोघांनी मलाही सुरुवातीला फसवलंय.

आधी बी. बियाचं टरफल धातूंना बऱ्यापैकी अडवतं, विशेषतः शिशाला. शिवाय आतला अंकुर पहिले काही दिवस स्वतःच्या शिदोरीवर जगतो, मातीकडून त्याला पाण्यापलीकडे फारसं काही नको असतं. म्हणून बऱ्याच दूषित मातीतही उगवण जवळजवळ नेहमीसारखी दिसते. माझ्या पहिल्याच ट्रेमधली उगवण पाहून मी खूश झालो होतो. तिसऱ्या आठवड्यात रोपं उपटली तर मुळं बोटाच्या पेराएवढीही नव्हती.

खरा मार बसतो तो मुळाच्या टोकाला. तिथे पेशी सतत विभागत असतात आणि मुळाची लांबी तिथूनच वाढते. तांबं पेशींचं आवरण फाडतं आणि आतलं पोटॅशियम बाहेर गळू लागतं. कॅडमियम पेशींचं विभाजन मंद करतं. टोक थांबलं की रोप मुळालाच मागच्या बाजूने फांद्या फोडायचा प्रयत्न करतं, त्या फांद्यांचीही टोकं जळतात. असं मूळ एकदा पाहिलं की विसरत नाही: आखूड, जाड, टोकाला तपकिरी, मूलरोम जवळपास नाहीत, झिजलेल्या कुंचल्यासारखं. मुळाची लांबी मोजून धातूची झळ ओळखायची पद्धत जुनी आहे. विल्किन्स यांनी 1957 साली शिशाला गवत किती सोसतं हे याच मापाने पाहिलं होतं. इतकी उपकरणं आल्यावरही फुटपट्टी मागे पडलेली नाही.

वर पानांत दिसतं ते बहुतेक या मुळाचंच गाऱ्हाणं असतं. माती ओली असून रोप दुपारी मान टाकतं, कारण पाणी ओढायला मूळच उरलेलं नाही. जस्त, तांबं किंवा निकेल जास्त झालं की लोहाची वाट अडते. मग कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. लोक लोहाची फवारणी करतात, पान चार दिवस हिरवं होतं आणि पुन्हा पिवळं. फवारणी चुकीची नसते, पण दुखणं खाली असतं.

सगळे धातू मात्र एका माळेचे मणी नाहीत. जस्त, तांबं आणि निकेल रोपाला किंचित हवेच असतात, फक्त हवं आणि नको यांतलं अंतर कमी असतं. पानाच्या वाळलेल्या वजनात किलोमागे 5 ते 20 मिलिग्रॅम तांबं ठीक, पण 20 ते 30 च्या वर गेलं की पुष्कळ वनस्पतींना त्रास सुरू होतो. शिशाचं रोपात काहीच काम नाही. ते बहुतेक मुळांच्या पेशीभित्तिकांत अडकून बसतं, पानापर्यंत फार थोडं पोचतं. त्यामुळे फक्त पानं तपासून 'शिसं नाही' असा निष्कर्ष काढला तर हमखास चुकतो. कॅडमियम याच्या उलट. त्यालाही काम नाही, पण जस्त, लोह आणि कॅल्शियम आत घेण्याचे जे दरवाजे आहेत त्यांतूनच ते शिरतं आणि सरळ पानात जातं. रोप गंधकयुक्त छोटे रेणू बनवून त्याला बांधून ठेवायचा प्रयत्न करतं. त्यांना फायटोकेलेटिन म्हणतात आणि वनस्पतींतलं त्यांचं हे काम 1985 मध्ये प्रकाशात आलं. हे रेणू बनवायला गंधक, नायट्रोजन आणि ऊर्जा लागते. मोठं झाड हा खर्च सोसतं. दोन पानांच्या रोपाला तेवढ्यात वाढ थांबवावी लागते.

आता दुसरा साक्षीदार, मोठं झाड. धुराड्यातून किंवा धुळीतून आलेले धातू मातीत फार खोल जात नाहीत. वरच्या काही इंचांत, कुजलेल्या पालापाचोळ्याला आणि चिकणमातीच्या कणांना ते चिकटून राहतात. मोठ्या झाडाची मुळं त्या थराखाली कधीच गेलेली असतात, कदाचित प्रदूषण सुरू होण्याआधीच. मुळांचा पसाराही असा असतो की एखाद्या घाण पट्ट्यात ती मेली तर स्वच्छ पट्ट्यात जोमाने वाढतात. रोपाला हा पर्याय नाही. त्याचं सगळं मूळ नेमकं सर्वांत दूषित थरात असतं, आणि पहिलं वर्ष तिथेच काढायचं असतं. भरीला, विलो आणि पॉपलरसारखी काही झाडं जस्त आणि कॅडमियम पानांत साठवून दर पानगळीला पुन्हा वरच्याच थरावर टाकतात. मग जुनी झाडं उभी आहेत पण त्यांच्याखाली पोरंबाळं एकही नाही, असं रान दिसतं. मी नव्या जागेवर गेलो की आधी हेच बघतो.

याचं मोठं उदाहरण म्हणजे कॅनडातलं सडबरी. निकेल आणि तांब्याचं खनिज तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भाजलं आणि वितळवलं गेलं. गंधकाच्या धुराने माती आम्ल झाली, वर धातूंचा थर साचला आणि हजारो हेक्टर टेकड्या काळ्या, उघड्या पडल्या. पुढे धूर कमी झाला, तरी रान आपोआप परतलं नाही. वाऱ्याने बी येत होतं, उगवतही होतं, पण मूळ त्या मातीत शिरत नव्हतं. 1970 च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं की चुनखडीची भुकटी टाकली की मुळं चालू लागतात. 1978 पासून मोठ्या प्रमाणावर डोलोमाइट चुनखडी पसरली गेली, बरीचशी माणसांनी पिशव्या वाहून, हाताने. आधी गवत आणि क्लोव्हर आलं, मग बर्च वगैरे झाडं न लावताच उगवली. लावलेल्या झाडांची संख्या 2022 मध्ये 1 कोटीवर गेली. यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट: धातू कोणी उचलून नेले नाहीत. ते मातीतच राहिले, फक्त रोपाच्या हाती लागेनासे झाले.

म्हणूनच तुमच्या रिपोर्टमधला एकटा 'एकूण शिसं' हा आकडा फार बोलत नाही. स्वच्छ मातीत शिसं साधारण किलोमागे 10 ते 50 मिलिग्रॅम आणि कॅडमियम 1 च्या खाली असतं, तेव्हा जास्त आहे की नाही एवढं त्यावरून कळेल. पण तेच प्रमाण भारी, चुनखडीयुक्त, 7.5 सामूच्या (सामू म्हणजे पीएच, जितका कमी तितकी माती आम्ल) मातीत रोपाला जाणवणारही नाही आणि हलक्या, रेताड, 5 सामूच्या मातीत त्याला मारून टाकेल. सामू 5.5 च्या खाली घसरला की जस्त, कॅडमियम, निकेल झपाट्याने मोकळे होतात. प्रयोगशाळेकडून सामू, सेंद्रिय कर्ब आणि डीटीपीए नावाच्या रसायनाच्या पद्धतीने काढलेले 'उपलब्ध', म्हणजे रोपाला घेता येतील असे, धातू असं सगळं मागा. नमुना वरच्या 10 सेंटिमीटरचा वेगळा आणि 30 ते 40 सेंटिमीटरवरचा वेगळा घ्या. दोन्ही मिसळलेत तर वरचं वाईट आणि खालचं बरं यांची सरासरी मिळेल, आणि रोप सरासरीत जगत नाही.

प्रयोगशाळेआधी घरच्या घरी एक गोष्ट करता येते. तीन कप घ्या: एकात तुमची माती, दुसऱ्यात तीच माती थोडी चुनखडीची भुकटी मिसळून आठवडा-दोन आठवडे ओलसर ठेवलेली, तिसऱ्यात खात्रीची स्वच्छ माती. नुकतं मोड आलेलं मोहरीचं बी तिन्हींत सारख्या ओलाव्यात लावा आणि पाच-सहा दिवसांनी हलक्या पाण्यात धुऊन मुळं मोजा. पहिल्यात आखूड आणि दुसऱ्यात लांब निघाली तर दोष आम्लपणाचा आणि त्याने मोकळ्या झालेल्या धातूंचा (यात ॲल्युमिनियमही आलं, ते जड नाही पण आम्ल मातीत मुळांना तितकंच छळतं). तिन्हींत सारखीच निघाली तर धातूंवरचा संशय जरा बाजूला ठेवा. कारखान्याच्या जागेवर यंत्रांनी दाबून दगड झालेली जमीन, क्षार, साचणारं पाणी, जुनं तणनाशक असे इतर गुन्हेगार पुष्कळ असतात.

उपाय करायचा तर चुनखडी आणि भरपूर, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट या दोन गोष्टींपासून सुरुवात. कंपोस्ट तांबं आणि शिसं विशेष घट्ट धरतं. सामू 6.5 च्या आसपास आणायचा, त्यापुढे ढकलू नका, नाहीतर लोह आणि मँगनीजची टंचाई तुम्हीच निर्माण कराल. रोपं मुळांवर मित्रबुरशी, म्हणजे मायकोरायझा, बसलेली असतील तर खूप फरक पडतो. पाइनसारख्या झाडांत ही बुरशी मुळाच्या टोकाभोवती म्यान घालते आणि पुष्कळसा धातू स्वतःजवळ अडवते. जस्ताने दूषित जागांवर सुइलस जातीच्या बुरशीचे जस्त सोसणारे वाणच तयार झालेले आढळलेत. खड्डा मोठा खणून स्वच्छ माती भरणं हाही उपाय आहे, पण त्याने फक्त वेळ विकत मिळतो. दोन-तीन वर्षांनी मूळ खड्ड्याच्या भिंतीला भिडणारच, तेव्हा आजूबाजूच्या मातीतही चुनखडी-कंपोस्ट मिसळून ठेवा. मातीतून धातू सोडवून काढणारं ईडीटीए सुचवणारे लोक भेटतील. उघड्या जमिनीवर ते वापरू नका, सुटलेला धातू झाडात कमी आणि भूजलात जास्त जातो.

एक सावधगिरी मात्र नक्की. हे सगळं करण्याआधी आर्सेनिक तपासून घ्या. शिशाला बांधायला फॉस्फेट चांगलं, पण तेच फॉस्फेट आर्सेनिकला मातीच्या कणांवरून ढकलून मोकळं करतं. चुन्याने सामू वाढला की तेही आर्सेनिक सुटायला मदत करतं. लेड आर्सेनेट हे शिसं आणि आर्सेनिक दोन्ही असलेलं कीटकनाशक 1892 पासून वापरात होतं आणि पुढे सफरचंदाच्या बागांवर कित्येक दशकं फवारलं गेलं. अशा मातीत फॉस्फेट खत दिल्यावर जर्दाळूच्या रोपांनी जास्त आर्सेनिक शोषल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. शिसं आणि आर्सेनिक एकत्र असतील तर फॉस्फेट विसरा आणि लोहाच्या संयुगांकडे वळा.

झाडांच्या निवडीबद्दल लोक लगेच 'धातू शोषणारं झाड' विचारतात. अशी झाडं आहेत. न्यू कॅलेडोनियातल्या एका झाडाचा चीक निकेलमुळे निळसर-हिरवा असतो आणि वाळलेल्या चिकाच्या वजनात चौथ्या हिश्शापर्यंत निकेल निघतं. पाहायला विलक्षण, पण तुमच्या मिश्र धातूंच्या जागेवर त्याचा उपयोग नाही. तुम्हाला धातू मुळाशीच ठेवणारी, वर न नेणारी झाडं हवीत, आणि सुरुवातीला त्यांच्याखाली दाट गवत, म्हणजे धूळ उडणार नाही. शिशाच्या बाबतीत माणसाला खरा धोका पानांपेक्षा त्या धुळीचा असतो. तोवर लहान मुलांना तिथल्या मातीत खेळू देऊ नका.

या हंगामात नवीन रोपं लावायची घाई करू नका. मरायला टेकलेलं एक रोप मातीच्या गोळ्यासकट खणून काढा, बादलीत बुडवून मूळ सोडवा आणि पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो टाका. सोबत रिपोर्टमधला सामू आणि माती भारी की हलकी तेही लिहा. चुनखडी किती लागेल याचा अंदाज मी त्यावरून सांगू शकेन, धातूंच्या आकड्यांवरून नाही.