टेक्सासच्या स्टेट बोर्ड ऑफ एज्युकेशनवर निवडून आलेल्यांना पगार, मेडिकल, पेन्शन किती मिळतं? ओळखीचे एक काका उभे राहायचं म्हणतायत.

पगार शून्य. खरंच शून्य, कायद्यातच तसं लिहिलंय. मीटिंगसाठी राजधानी ऑस्टिनला जायचा-यायचा आणि राहायचा खर्च भरून मिळतो, तोही बिलं दाखवून. उलट उभं राहायलाच ३०० डॉलर फी भरावी लागते, नाहीतर त्याऐवजी मतदारांच्या सह्या गोळा करत फिरा.

आता हे म्हणजे आपल्या पुण्याच्या दहावी-बारावीच्या बोर्डासारखं नाही हां, इथले १५ मेंबर पक्षाच्या तिकिटावर चार वर्षांसाठी निवडून येतात आणि शाळेत काय शिकवायचं, कुठलं पुस्तक मंजूर करायचं ते ठरवतात. एकेकाचा मतदारसंघ साधारण १९ लाख लोकांचा, म्हणजे स्टेट सिनेटरच्या दुप्पट! आमदारांना निदान महिना ६०० डॉलर तरी मिळतात (तेही काय मिळणं म्हणा), यांना तेवढेही नाहीत.

आणि काम काही कमी नाही. वर्षातून चार-पाच वेळा मीटिंग, प्रत्येक वेळी तीन-चार दिवस. एल पासोचा मेंबर असेल तर एका बाजूने नऊशेच्या वर किलोमीटर. त्यात अभ्यासक्रमाचा विषय तापलेला असला की पालक, शिक्षक, पाद्री, सगळे नंबर लावून येतात, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, आणि हे तासन्तास ऐकत बसायचं. २०२४ च्या नोव्हेंबरात बायबलचे धडे असलेला ब्लूबॉनेट अभ्यासक्रम ८ विरुद्ध ७ असा एका मताने पास झाला, घेणाऱ्या शाळांना मुलामागे ६० डॉलरपर्यंत जादा. एवढा मोठा निर्णय फुकट काम करणाऱ्या पंधरा जणांच्या हातात, मला तरी हे पटत नाही. पगार नाही म्हटल्यावर उभं कोण राहणार, तर रिटायर्ड लोक, स्वतःचा धंदा असलेले, नाहीतर ज्यांच्या मागे कुणीतरी पैसेवाला उभा आहे ते. आठवड्याची सुट्टी मागितली की मॅनेजरचं तोंड वाकडं होतं अशा आपल्यासारख्यांचं ते काम नव्हे.

सगळीकडे असंच आहे असंही नाही. युटामध्ये मेंबरना थोडा पगार मिळतो, वर ग्रुप इन्शुरन्समध्येही जाता येतं. नेब्रास्कात परत फक्त खर्च. लॉस एंजेलिसचे सव्वा लाख डॉलर तुम्ही कुठे वाचले असतील तर ते तिथल्या शहराच्या स्कूल बोर्डाचे, राज्याच्या नव्हे, कॅलिफोर्नियाचं राज्य बोर्ड तर गव्हर्नरच नेमतो.

तुमच्या काकांना एवढंच विचारा, सिटिझन झालेत का? ग्रीन कार्डावर चालत नाही. आणि त्या मतदारसंघात वर्षभर राहिलेलं पाहिजे. मार्चमध्ये प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) असते पण फॉर्म आधीच्या डिसेंबरापर्यंतच भरायचा असतो, तो चुकला की पुढची निवडणूक.