हार्ट अटॅक टाळायचं काम गरीब देशांत डॉक्टरऐवजी नर्स आणि आशाताईंवर सोपवलं तर चालतं का? माझ्या आईचं बीपी आशाताईने १६० सांगितलं, विश्वास ठेवू का?

चालतं, पण अर्धवट सोपवलं तर नाही चालत.

मी नवी मुंबईत एका नागरी आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स आहे, बीपी-शुगरचं रोजचं काम आम्ही सिस्टर आणि आशाताईच ओढतो. त्यामुळे तुम्ही प्रश्नाच्या खाली लिहिलंय ना, "एमबीबीएस नसलेल्यांच्या हातात हृदय कसं द्यायचं", ते वाचून जरा हसू आलं, राग मानू नका. अहो, अँजिओप्लास्टी कोण करतंय इथे. बीपी मोजायचं, वय-तंबाखू-शुगर विचारून कोणाला धोका जास्त ते काढायचं, डॉक्टरांनी लिहिलेली गोळी चालू राहतेय ना बघायचं आणि पेशंट यायचा बंद झाला की त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, याला मेडिकल कॉलेज लागत नाही.

अभ्यास पण झालेत यावर. दक्षिण आफ्रिका, ग्वाटेमाला, मेक्सिको आणि बांगलादेशात आरोग्यसेविकांना एक तक्ता दिला होता, रक्ततपासणी नाही काही नाही, वय, वजन-उंची, बीपी, सिगारेट, डायबेटिस एवढंच. त्यांनी काढलेला धोका शिकलेल्या प्रोफेशनलशी ९७ टक्क्यांच्या आसपास जुळला (२०१५). मग कोलंबिया-मलेशियात होप-४ नावाचा अभ्यास झाला, २०१९ ला लॅन्सेट या मेडिकल मासिकात आला, तिथे वर्षभरात ६९ टक्के लोकांचं बीपी कंट्रोलमध्ये आलं आणि नेहमीच्या पद्धतीत ३० टक्क्यांचं. पण हे आकडे सांगताना लोक एक गोष्ट गाळतात, तिथे गोळ्या फुकट होत्या, वर डॉक्टरांची देखरेख होती आणि प्रत्येक पेशंटमागे घरचा नाहीतर ओळखीचा एक माणूस लावून दिला होता.

आपल्याकडे गाडी इथेच अडते. तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (कोणाला आजाराचा धोका किती ते गुण देऊन काढायचा सरकारी फॉर्म) आशाताई भरते, स्कोअर चारच्या वर गेला की आधी त्याला तपासायला बोलवायचं, इथपर्यंत सगळं व्यवस्थित. पुढे अ‍ॅम्लोडिपिनचा, म्हणजे बीपीच्या गोळीचा, स्टॉक संपलेला असतो, महिन्याच्या जागी दहा दिवसांच्या गोळ्या हातात पडतात आणि तुर्भे नाक्यावर रोजंदारीला उभा राहणारा माणूस दहा दिवसांनी परत एक खाडा करून येईल असं तुम्हाला वाटतं? नाही येत. आणि समजा आला, गोळी खाऊनही बीपी १५६ भरलं, डोस वाढवायला हवा हे मला प्रोटोकॉलमध्ये समोर दिसतंय, पण सही डॉक्टरांची आणि बाहेर रांग जिन्यापर्यंत. काम आमच्याकडे दिलं, गोळी आणि अधिकार मात्र जिथल्या तिथे! (मानधनाबद्दल तर बोलतच नाही, आशाताईंचे मोर्चे तुम्ही टीव्हीवर बघता.)

अजून एक म्हणजे घरोघरी फिरायचं काम दिवसा चालतं. त्या वेळी दिघा, रबाळेकडच्या चाळींत पुरुष सापडतच नाहीत, सगळे एमआयडीसीत कंपनीत. मग फॉर्म बायकांचेच भरले जातात आणि ज्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला खरी भीती, त्याच्या दंडाला बीपी मशीनचा पट्टा (कफ) कधी लागतच नाही. रविवारी सकाळी गेलं की भेटतात, पण "मला काय झालंय, धडधाकट आहे" हे ऐकून घ्यावं लागतं.

आता तुमच्या आईचं. एका रीडिंगवर घाबरू नका आणि ते उडवून पण लावू नका. परत मोजून घ्या. आधी अर्धा तास चहा नाही, मिश्री नाही (आमच्याकडच्या मावश्या मिश्री लावूनच येतात आणि मग मशीनला नावं ठेवतात), पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला. घट्ट बाही वर सरकवून दंड आवळायचा नाही, बाही काढायची. दंड जाड असेल तर मोठा कफ मागा, छोट्या कफवर बीपी खोटंच जास्त येतं. दोनदा मोजायचं, मध्ये मिनिटभर थांबून. वेगवेगळ्या दिवशी वरचं १४० किंवा खालचं ९० च्या वरच येत राहिलं तर केंद्रात नेऊन डॉक्टरांकडून गोळी चालू करा, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू देऊ नका. वरचं १८० किंवा खालचं ११० च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि छातीत दाब, धाप, तोंड वाकडं होणं, असलं काही दिसलं तर आशाताईला फोन करत बसू नका, १०८ लावा.