मुलीचा मागचा खर्च आता मागता येईल का?

प्रश्न : मी इंदूरला राहते. 2021 मधे आमचा आपसी सहमतीने घटस्फोट झाला, तेव्हा मुलीच्या खर्चाचं काहीच लिहून घेतलं नाही, सुटले एकदाची असं वाटत होतं. शाळेची फी, दवाखाना सगळं मीच करतेय. मागचे पैसे मिळतील का?

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका की तेव्हा मागितलं नाही म्हणजे हक्क गेला. खर्चाचा हक्क मुलीचा आहे, तुम्ही गप्प राहिलात म्हणून तो संपत नाही. घटस्फोटानंतरही हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली फॅमिली कोर्टात अर्ज करता येतो, किंवा नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (BNSS) कलम 144 खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (CrPC) कलम 125.

आता मागच्या पैशांचं. सुप्रीम कोर्टाने 2020 मधे रजनेश विरुद्ध नेहा केसमधे स्पष्ट सांगितलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, म्हणून उशीर करू नका, प्रत्येक महिना तुमच्या मुलीचाच जातोय. अर्जाआधीच्या थकबाकीसाठी वेगळा दिवाणी दावा करावा लागतो आणि त्याला मुदत तीन वर्षांची, त्यामुळे 2021 पासूनचं सगळं मिळेल असं मी खोटं सांगणार नाही. फीच्या पावत्या, औषधांची बिलं, बँकेचं स्टेटमेंट सगळं आत्ताच गोळा करा. आणि कोर्टाचा हुकूम झाल्यावर मुलीच्या वडिलांनी पैसे थकवले तर कलम 144 च्या वसुलीचा अर्ज एका वर्षाच्या आत टाकायचा, इथे खूप बायका चुकतात. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना आणि मुलांना तिथे वकील फुकट मिळतो, पगार कितीही असो.