ग्रीन टी कडू का तुरट?

तुम्ही विचारलंय की ग्रीन टीला मैत्रीण 'कडू' म्हणते आणि तुम्ही 'तुरट', तर बरोबर कोण, आणि ऊलाँग नावाच्या चहाच्या चवीला मराठीत शब्द आहे का.

मी तुमच्या बाजूनं. कडू म्हणजे कारलं. तुरट म्हणजे कच्चं केळं, जांभूळ, सुपारी, ज्यानं तोंड आवळून येतं आणि जीभ खरखरीत होते, ग्रीन टीत ते मुख्यतः पानातल्या कॅटेचिन नावाच्या द्रव्यांमुळं होतं. पण मैत्रीण खोटं बोलत नाही हं. कोल्हापुरात च्या म्हणजे खळखळा उकळायचा ही सवय, तसंच ग्रीन टीचं केलं की कॅटेचिन आणि कॅफीन दोन्ही भसाभसा उतरतं आणि तो खरंच कडू होतो. 70-80 अंशाचं पाणी, दोन मिनिटं, मग गाळून घ्या आणि परत विचारा तिला.

जपानचा सेंचा घेतलात तर तुरटाच्या आधी 'हिरवट' शब्द आठवेल, कारण तिथं पानं वाफवतात आणि हिरवा वास पानातच राहतो, मला तर ताज्या उसाच्या वाड्याचा वास येतो त्याला. चीनमध्ये हांगचौचा लाँगजिंग कढईत परततात, त्याला चेस्टनटसारखी चव म्हणतात, पण चेस्टनट आपल्यात किती जणांनी खाल्लाय? मी 'खमंग' म्हणतो, पुरतं तेवढं.

आता ऊलाँग. नावाचा अर्थ काळा ड्रॅगन, त्याचं भाषांतर करत बसू नका, ऊलाँगच म्हणा. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, तसंच चहाचं पान चुरगळलं की होतं. ग्रीन टीत पान लगेच तापवून ते होऊच देत नाहीत, आपल्या काळ्या चहात पुरतं होऊ देतात आणि ऊलाँगमध्ये मधेच कुठंतरी थांबवतात, म्हणून त्याची एकच एक चव सांगता येत नाही. फूच्येन प्रांतातल्या आनशीचा तियेग्वानयिन कमी काळवंडलेला असेल तर फुलासारखा वास येतो, त्याला 'सुवासिक'. त्याच प्रांतातला वूयी डोंगरातला दा होंग पाओ निखाऱ्याच्या धगीवर भाजतात, त्याला मात्र आपला 'खरपूस' अगदी चपखल बसतो, भाकरीला म्हणतो तोच. पहिल्या घोटाला मला गुऱ्हाळावरची गरम काकवी आठवली होती, गोड नसलेली.