विचारा तर खरं : मर्ल ओबेरॉन, तिचं जन्मगाव आणि तिचा दिवा

प्रश्न : मर्ल ओबेरॉन ही ब्रिटिश नटी आपल्या मुंबईची होती, असं वाचलं. जुन्या पुस्तकांत मात्र टास्मानिया लिहिलंय. खरं काय धरायचं?
– एक वाचक, रेल्वे लाइन्स, सोलापूर

मुंबईच धरा. जन्म 19 फेब्रुवारी 1911. मूळ नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन, घरात हाक ‘क्वीनी’. वडील आर्थर थॉम्पसन इंग्रज, इथल्या रेल्वेत मेकॅनिकल इंजिनियर. तिला वाढवलं शार्लट सेल्बी यांनी. मर्ल त्यांना आई म्हणे, पण जन्माच्या दाखल्यावर आई म्हणून नाव आहे ते शार्लटच्या अगदी कोवळ्या वयातल्या मुलीचं, कॉन्स्टन्सचं. म्हणजे शार्लट नात्यानं आजी. त्यांचं मूळ सिलोनकडचं. 1917च्या सुमारास बिऱ्हाड कोलकात्याला गेलं. तिथं मर्ल टेलिफोन ऑपरेटर होती आणि हौशी नाटकांत कामं करायची. विशीच्या आतच ती युरोपला गेली. पुढे लंडनमध्ये अलेक्झांडर कोर्डा या निर्मात्याच्या नजरेत भरली आणि 1933मध्ये ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये अ‍ॅन बोलीन ही राणी झाली. काम मिनिटांचंच, पण नाव झालं ते त्यातूनच. ब्रिटिश नटी म्हणतात ते या लंडनच्या पायरीमुळे.

टास्मानियाची कथा प्रसिद्धीवाल्यांनी रचली. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं हे बेट इतकं लांबचं की चौकशीला कोण जाणार! कागदपत्रं आगीत जळाली, हे उत्तर तयारच होतं. याला निव्वळ मिरवणं म्हणू नये. अमेरिकेतल्या तेव्हाच्या चित्रपट-नियमावलीत गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला बंदी होती आणि 1946पर्यंत भारतीय वंशाच्या माणसाला तिथलं नागरिकत्व मिळत नसे. मिश्र वंशाचं कळलं असतं तर नायिकेची कामं संपलीच असती. खरी हकिगत चरित्रातून बाहेर आली ती 1983मध्ये, तिच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

प्रश्न : मर्लवर दहा मिनिटांचं एकपात्री बसवतेय. हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग करण्याआधी मोबाइलवर चित्रीकरण करून पाठवायचं आहे. तिच्या चेहऱ्यावरचे व्रण लपवणारा ‘ओबी’ दिवा आम्हाला साध्या सामानात करता येईल का?
– एक विद्यार्थिनी, सात रस्ता

येईल. आधी तो काय करतो ते समजून घ्या, म्हणजे चुका टळतील.

1937मध्ये लंडनला मोटार अपघातात मर्लचा चेहरा जखमी झाला. ‘आय, क्लॉडियस’ हा चित्रपट तेव्हाच बंद पडला. कारण अपघाताचं दिलं गेलं, पण नायक चार्ल्स लाफ्टन आणि दिग्दर्शक स्टर्नबर्ग यांचंही जमत नव्हतंच. 1944च्या ‘द लॉजर’च्या वेळी छायालेखक ल्युसियन बॅलार्ड यांनी लेन्सला खेटून एक छोटा, मऊ प्रकाशाचा दिवा बसवला आणि त्याला तिचंच नाव पडलं. (पुढच्याच वर्षी दोघांनी लग्न केलं.) व्रण दिसतो तो त्याच्या कडेला पडणाऱ्या सावलीमुळे. दिवा कॅमेऱ्याच्याच रेषेत असला की ती सावली व्रणाच्या मागे पडते, कॅमेऱ्याला दिसतच नाही. वर बुबुळात चमकीचा एक ठिपका येतो, तो वेगळाच फायदा.

सामान : मंद-प्रखर करता येणारं छोटं एलईडी पॅनेल, बटर पेपर, दोन स्टँड आणि मुख्य प्रकाशासाठी दुसरा दिवा. मुख्य दिवा आधी लावा : चेहऱ्यापासून चार-पाच फुटांवर, एका बाजूला, डोळ्यांच्या थोडा वर. मग पॅनेलवर बटर पेपर लावून ते मोबाइलच्या लेन्सच्या अगदी वर बसवा. चार बोटांपेक्षा जास्त अंतर नको. पूर्ण बंद करून हळूहळू वाढवा. बुबुळात ठिपका दिसला आणि गालावरची सावली जराशी उजळली, की थांबा. मुख्य दिव्याच्या पाव हिश्श्याइतका उजेड पुरतो. त्याहून वाढवलात तर नाक चपटं दिसतं आणि चेहऱ्याचा आकारच जातो. बहुतेक जण इथेच घोळ घालतात.

अजून काय बिघडतं? तुम्ही चार फुटांवरून दोन फुटांवर आलात की या दिव्याचा उजेड चौपट होतो, कपाळ पांढरंफटक पडतं. म्हणून पुढे येण्याच्या जागी खूण करा आणि कुणाला तरी पॅनेल मंद करायला बसवा. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की प्रकाश-फोकस कुलूपबंद होतो. तेही कराच, नाहीतर फोन स्वतःच उजेड कमीजास्त करत राहील. दोन्ही दिव्यांचा रंग एकच ठेवा; एक पिवळा आणि एक पांढरा असला की गाल दोन रंगांचे दिसतात. स्वस्त पॅनेलमुळे चित्रात पट्टे फिरले तर शटर (एका चित्रासाठी उजेड आत घेण्याचा वेळ, सेकंदांत) 1/50 किंवा 1/100वर आणा. भिंतीपासून निदान सहा फूट पुढे उभ्या राहा. घाम हा सोलापुरातला मुख्य शत्रू : समोरचा दिवा घामाचा प्रत्येक थेंब चमकवतो. टिपकागदाने आधी टिपा, मग पावडर. ओल्या चेहऱ्यावर पावडर थापली की चट्टे पडतात. चष्मा घालणार असाल तर काड्या कानावर किंचित उचला, काच खाली झुकते आणि दिव्याचं प्रतिबिंब निघून जातं.

खोल खड्डे मात्र एकट्या ओबीने लपत नाहीत. मुख्य दिवाही कॅमेऱ्याच्या जवळ सरकवावा लागतो.

प्रश्न : तिला ऑस्कर मिळालं का? आधी कोणता चित्रपट बघू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

मिळालं नाही. 1935च्या ‘द डार्क एंजेल’साठी नामांकन होतं, बक्षीस बेटी डेव्हिसला गेलं. प्रमुख अभिनेत्रीच्या गटात आशियाई वंशाचं ते पहिलंच नामांकन. तेव्हा हे कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

सगळे 1939चा ‘वुदरिंग हाइट्स’ सांगतात. बघाच, ग्रेग टोलंडच्या छायालेखनाला त्यात ऑस्कर आहे. पण मर्ल समजायची असेल तर त्याआधी 1935चेच दोन शेजारी ठेवून बघा : ‘फोली बेर्जेर’ आणि ‘द डार्क एंजेल’. पहिल्यात रंगभूषेनं तिला कुठल्यातरी दूरदेशीची मोहिनी केलंय, दुसऱ्यात तीच नटी साधीसुधी इंग्रज मुलगी. भुवया आणि डोळ्यांच्या कडा नीट बघा, फरक तिथे आहे. ‘द लॉजर’ तिसरा. धुक्यातलं लंडन, आणि जवळच्या दृश्यांत तिच्या बुबुळातला तो ठिपका शोधायचा.