सुई विचारू नकोस, पाणी विचार

अनेक उत्तम आशीर्वाद.

सोमवारपासून तू मुंबईच्या रेल्वे रुळांलगतच्या वस्त्यांत, नशेची इंजेक्शने घेणाऱ्यांमध्ये आउटरीच वर्कर म्हणून फिरू लागशील, म्हणून एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो. ‘दुसऱ्याची सुई वापरतोस का?’ असे विचारलेस तर बहुतेक जण ‘नाही’ म्हणतील आणि ते खोटे बोलत नसतील. मीही वर्षभर ते ‘नाही’ इमानेइतबारे फॉर्मवर उतरवत राहिलो. मग एका पुलाखाली तिघांना बसलेले पाहिले. प्रत्येकाच्या हातात आम्हीच दिलेली कोरी सिरिंज होती. पण ब्राऊन शुगर एकाच झाकणात विरघळवलेली, कापसाचा बोळा एकच आणि सिरिंज खळबळायचे पाणीही एकाच बाटलीतले. एकाने तर टोचून झाल्यावर उरलेला माल पुन्हा त्याच झाकणात सोडला. एचआयव्हीला एवढी वाट पुरते, आणि हिपॅटायटिस सी तर सिरिंजमध्ये राहिलेल्या रक्तात कित्येक आठवडे तग धरू शकतो. तिघांनी पैसे काढून एक पुडी घेतली की ती सारखी वाटण्यासाठी आधी विरघळवावी लागते, हे त्यांचे साधे गणित आहे. त्यावर रागावून काही होत नाही. ‘काल माल कसा वाटला, पाणी कुठले घेतले?’ असे विचार, आणि सिरिंजबरोबर कापूस, झाकण व पाणीही प्रत्येकाला वेगळे मिळेल असे पाहा.

नशा सोडण्याचा विषय तू काढू नकोस. समोरचा स्वतः काढील त्या दिवशी त्याला ओएसटी केंद्रात, म्हणजे नशेच्या मालाऐवजी डॉक्टर पर्यायी औषध देतात तिथे, घेऊन जा. मात्र टर्की (नशा न मिळाल्याने होणारा त्रास) नीट लागण्याआधीच ब्युप्रेनॉर्फिन या पर्यायी औषधाची पहिली गोळी पडली तर टर्की उलट उसळते, आणि असा पोळलेला माणूस सहसा परत फिरकत नाही, म्हणून शेवटचे कधी घेतले हे त्याला डॉक्टरांना खरे सांगू दे.

पोलिसांनी पिशवीतल्या सिरिंजांवरून हटकले तर वाद न घालता ओळखपत्र दाखव आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचे कलम २२ सांग. संसर्ग टाळण्यासाठी कार्यक्रमातून स्वच्छ सुया पुरवणे हा त्यानुसार गुन्हा नाही. (‘गर्दुल्ला’ हा शब्द मात्र ऑफिसातल्या गप्पांतही नको.)

परत आलेल्या सुईला टोपण लावू नकोस, ती थेट जाड डब्यात टाक. टोचलीच तर जखम पिळू नकोस. साबण-पाण्याने धुऊन लगेच सरकारी रुग्णालय गाठ. एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध पहिल्या दोन तासांत सुरू झाले तर उत्तम, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही.